अवकाळीने पक्षी पळत नाहीत, अडकतात

संपादक साहेब, नमस्कार.

उजनी धरणाकाठच्या भिगवणच्या परदेशी पाहुण्या पक्ष्यांनी अवकाळीमुळे गाशा गुंडाळला अशी बातमी तुमच्या पेपरात वाचली आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. अहो दोन सरी पडल्या म्हणून पक्षी पळत नाहीत. दिवस मोठा व्हायला लागला की त्यांना परतीची ओढ लागते, खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवतात, फक्त नेमकं कुठल्या रात्री निघायचं ते हवामान ठरवतं. पाठीमागून वारा आणि आभाळ मोकळं असलं की अंधार पडताच निघाले, समोरून वारा किंवा वळवाचं काळं आभाळ आलं की मुकाट खाली बसतात. म्हणजे तुमच्या बातमीच्या बरोब्बर उलटं.

म्हणूनच तर संध्याकाळी वळीव झाला की आम्ही पक्षीवेडे दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धरणाकाठी हजर. धूळ बसलेली असते, नाहीतर एप्रिलात नऊ वाजले की पाण्यावर अशा झळा असतात की दुर्बिणीतून रोहित (फ्लेमिंगो) दिसतोय का बगळा तेच कळत नाही. ओल्या ढेकळांत पिवळे धोबी म्हशींच्या पायापायात किडे टिपत असतात, शेपटी सारखी खालीवर, तुम्ही जवळ गेलात तर चार पावलं पळतात पण उडायचा कंटाळा, कारण पुढं पार मध्य आशियापर्यंत जायचंय. फोटोसाठी त्यांना उठवू नका एवढं तरी छापा.

गारपीट मात्र वेगळी. 2014 च्या मार्चमध्ये पिकं गेली तसे पक्षीही मेले. आणि 2025 ला मान्सून 26 मे लाच मुंबईत, इकडे उजनीचं पाणी चढलं, चिखलाचे काठ बुडाले की रोहितांना उभं राहायला जागा कुठं, मग ते हलणारच, पण ते पाण्यामुळे.

अमेरिकेत हवामानाच्या रडारवर रात्री उडणारे पक्षी बघून पुढच्या रात्रींचा अंदाज देतात, बर्डकास्ट म्हणतात त्याला. आपल्याकडेही मुंबई, नागपूरला हवामानाचे डॉप्लर रडार आहेत, ते होईल तेव्हा होवो, तुम्ही निदान कमाल-किमान तापमानाशेजारी वाऱ्याची दिशा तरी द्या की.

आणि हो, बातमीसोबतचा धोब्याचा फोटो हिवाळ्यातला जुना दिसतोय, मळकट करडा. एप्रिलात तो पोटाला हळद फासल्यासारखा पिवळाजर्द असतो, पुढच्या वेळी फोटो बदला.

– तुमचा एक जुना वाचक, इंदापूर