मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र : रियाधच्या मैत्रिणी थेट अरबीतून मराठीत येऊ द्या

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

घरातलं कुणीच सौदीला, कुवेतला नाहीतर ओमानला गेलेलं नाही असं घर रत्नागिरी-रायगडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत शोधावंच लागेल. तिकडून पैसा येतो, खजूर येतात, लग्नाची स्थळंही येतात. तिथल्या बायका कशा जगतात, हे मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

२००५ साली रजा अल-साने या विशीतल्या सौदी तरुणीची ‘बनात अल-रियाद’ (म्हणजे ‘रियाधच्या मुली’) ही कादंबरी बैरुतमध्ये छापली गेली. सौदीत या पुस्तकावर सुरुवातीला बंदी होती. रियाधमधल्या चार सुखवस्तू मैत्रिणींची ही गोष्ट. सदीमच्या निकाहनाम्यावर सह्या झाल्या आहेत, समारंभ बाकी आहे. मधल्या काळात ती नवऱ्याला जवळ येऊ देते आणि तो तलाक देऊन मोकळा होतो. कायद्यानं तो तिचा नवराच होता, तरी अब्रू गेली ती तिची. गमरा लग्न होऊन शिकागोला जाते, नवऱ्याचं दुसरीकडे जमलेलं पाहते आणि गरोदरपणी माहेरी परतते. मिशेलची आई अमेरिकन, म्हणून फैसलच्या घरी ती सून म्हणून चालत नाही. लमीसचं तेवढं मनासारखं होतं.

या चौघी जमतात उम्म नुवैर या घटस्फोटित कुवेती बाईच्या घरी. आईबापांपुढे जे तोंडातून निघत नाही, ते तिथे मोकळेपणी बोललं जातं. मला या कादंबरीतल्या लग्नांपेक्षा ती बैठक मोलाची वाटते. असल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर बुरख्यातले नुसते डोळे छापतात, त्याचा मला संताप येतो. या मुली शिकतात, हसतात, एकमेकींची उणीदुणी काढतात, भांडतात आणि पुन्हा एकत्र येतात.

हे सगळं जुनं झालं, असं आपले अधिकारी म्हणतील. २०१८ मध्ये सौदी बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, २०१९ मध्ये स्वतःच्या सहीनं पासपोर्ट काढता येऊ लागला, हे खरंच. पण २०२२ च्या कौटुंबिक कायद्यातही मुलीचा निकाह तिचा वलीच, म्हणजे बाप किंवा दुसरा पुरुष पालकच, लावतो. आणि आपल्या कोकणात? निकाह उरकून नवरा आखातात परतला आणि रुखसत, म्हणजे सासरी पाठवणी, लांबत गेली, अशा मुली आहेत. त्यांना सदीमची गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर घेऊन गेले, तोही तोंडी तलाकविरुद्धच.

इंग्रजीवरून मराठी करून भागेल, असं कृपया म्हणू नका. या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २००७ मध्ये आला, तेव्हा अनुवादिका मॅरिलिन बूथ यांनी आपल्या मजकुरात फेरफार झाल्याची जाहीर तक्रार केली होती. मुळात नज्दी (रियाधकडची), हिजाझी (मक्का-जेद्दाकडची), लेबनानी अशा निरनिराळ्या बोली आहेत. कोण कुठली, कुणाचं घराणं काय, हे बोलण्यावरूनच कळतं. दोन भाषांतून गाळून आल्यावर त्यातलं काय उरणार? ओमानच्या जोखा अल-हार्थी यांच्या तीन बहिणींच्या लग्नांवरच्या कादंबरीला २०१९ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. तीही थेट अरबीतूनच मराठीत यायला हवी.

माणसं आपल्याकडे आहेत. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे. आखातात वर्षानुवर्षं राहून तिथली बोली अवगत झालेल्या कोकणी बायका आहेत. त्यांना अभ्यासक अनुवादकांच्या जोडीला बसवा, आणि त्यांचं नाव व मानधन दोन्ही द्या. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे अनुवादाची जुनी परंपरा आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्तानं आखल्या जाणाऱ्या कामांत अरबी-मराठी अनुवादासाठी स्वतंत्र तरतूद करा. पुस्तकं तालुक्याच्या ग्रंथालयांत पोहोचतील एवढ्या प्रती छापा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि झालेला निर्णय जाहीर करावा, ही विनंती.

आपली,
चिपळूण तालुक्यातली एक वाचक