बिडी ओढून आत येऊ नये

संपादक साहेब, नमस्कार.

मी धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर पावत्या फाडतो, सतरा सीझन झाले. आमच्या गेटवर लाल अक्षरात पाटी होती, 'बिडी ओढून आत येऊ नये'. आता शेठच्या मनात काय होतं ते तुम्हाला-मला कळतं, पण मागच्या सीझनला एक नवीन हमाल रुईच्या ढिगाजवळ बिडी तोंडात धरून काडी ओढायच्या बेतात सापडला, आम्ही बोंबलत धावलो, आणि गडी एकदम शांत, म्हणे "बाहेर ओढलीच नाही ना भाऊ, पाटी वाचूनच आत आलो." काय बोलणार? बाकीच्यांनी पाटी वाचलीच नव्हती म्हणून इतकी वर्षं जिनिंग टिकली.

दुसरी पाटी माझ्या काट्याजवळ, 'ओल्या गाड्या घेतल्या जाणार नाहीत'. कापसात 12 टक्क्यांच्या वर ओल असली तर सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, पण घेत नाही, तेच सांगायचं होतं. एरंडोलकडचे एक बाबा आले सकाळी सकाळी, दव पडलेलं, त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं ट्रॉलीची फळी न फळी पुसली, मडगार्डसुद्धा, आणि आतला कापूस असा की मुठीत दाबला तर गोळा तसाच राहतो. मशीन लावलं तर 16. परत पाठवतो म्हटल्यावर बाबा तापले, "मन्ही गाडी त कोरडीच शे ना भाऊ!" खरंच होती.

ऑफिसच्या दारावर 'काम नसल्यास आत बसू नये' असं आहे आणि आत मॅनेजर बसतात, पण ते छापू नका.

1948 च्या कारखाने कायद्यात कलम 108 होतं, नोटिसा इंग्रजीत आणि बहुतेक कामगारांना समजेल अशा भाषेत लावा म्हणून. आमच्या पाट्या मराठीतच आहेत हो, पण रंगवायच्या आधी एखाद्या हमालाला वाचायला देऊन "काय समजलं रे" एवढं विचारायला काय जातं? पेंटर अक्षरावर पैसे घेतो म्हणून शब्द कापायचे, आणि मग काट्यावर शिव्या मी खायच्या.

शेठला सांगितलं, त्यांनी ऐकलं पण, दिवाळीआधी गेटवरची पाटी बदलली. आता आहे 'आत बिडी ओढू नये'. त्यामुळे सगळे नियमानं बाहेर ओढतात, गेटसमोर, जिथे कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची लाइन लागलेली असते.

आपला,
काट्यावरचा एक कारकून, ता. धरणगाव