हेप्टनस्टॉल हे विणकरांचं गाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या यॉर्कशायरवरचा लेख आवडीने वाचला. त्यात हेप्टनस्टॉलच्या वाट्याला एकच ओळ आली आहे: कवयित्री सिल्व्हिया प्लाथ यांची कबर तिथे आहे. ती आहेच, आणि तिच्यासाठी लोक लांबून येतात. पण डोंगरमाथ्यावरचं ते गाव विणकरांनी वसतं ठेवलं, याचा लेखात उल्लेखही नाही. माझं बालपण इचलकरंजीत धोट्याच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे ही गोष्ट मनाला लागली.

मुलगी लीड्सला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्यासोबत डोंगराखालच्या हेब्डन ब्रिज या गावी रेल्वेने उतरलो आणि ‘बट्रेस’ नावाच्या फरसबंद चढाने वर गेलो. पूर्वी माल लादलेली तट्टं याच वाटेने जात. चढ असा उभा की मला दोनदा टेकावं लागलं. वर पोचताच नजर गेली ती खिडक्यांवर. काजळलेल्या दगडी घरांच्या वरच्या मजल्यावर एकीला लागून दुसरी, मध्ये फक्त दगडाची बारीक पट्टी, अशी त्यांची रांगच्या रांग. माग वर असायचा आणि तुटलेला धागा दिसायला उजेड लागायचा, म्हणून ही रचना. आमच्या घरीही वडिलांचा माग खिडकीला चिकटून होता; आई शेजारी बसून कांड्या भरायची. तिथेही सारं घर कामाला जुंपलेलं असे. बायकामुलं लोकर पिंजायची, सूत कातायची, आणि मग कापड मागावर चढायचं. विक्रीसाठी गावातच सोळाव्या शतकातला कापडबाजार होता. ती इमारत आजही उभी आहे.

एकाच आवारात दोन चर्च आहेत. तेराव्या शतकातल्या जुन्या चर्चची १८४७च्या वादळात मोडतोड झाली. शेजारी नवं बांधलं, ते १८५४ मध्ये पुरं झालं; जुनं मात्र पाडलं नाही. बिनछपराच्या त्या भिंतींमधून चालताना पायाखाली थडग्यांचे दगड असतात. याच आवारात डेव्हिड हार्टलीला पुरलं आहे. शेजारच्या क्रॅग व्हेलमधल्या टोळीचा हा म्होरक्या. सोन्याच्या नाण्यांच्या कडा कातरायच्या आणि त्या सोन्याची खोटी नाणी पाडायची, हा टोळीचा उद्योग. लोकरीचा धंदा बसला होता, तेव्हा कितीतरी विणकर त्यात ओढले गेले. हार्टलीला १७७० मध्ये यॉर्कला फाशी झाली. त्याच्या थडग्यावर लोक अजून नाणी ठेवतात. मला त्यात कौतुकापेक्षा विणकरांच्या त्या हलाखीची आठवणच जास्त दिसली.



पुढे गिरण्या खाली, नदीकाठी उभ्या राहिल्या. कालवा आणि रेल्वेही खोऱ्यातूनच गेली. कामामागे माणसं खाली उतरली आणि हेब्डन ब्रिज वाढलं. वरच्या गावात नवं बांधायला फारसं कारणच उरलं नाही, म्हणून त्या खिडक्या आज आपल्याला दिसतात. आमच्या गल्लीतले हातमाग भंगारात गेले, तेव्हा घरंही पाडली गेली. वडिलांच्या मागाची खिडकी नातवंडांना दाखवायला माझ्याकडे एक फोटोसुद्धा नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं पुरवणीत म्हटलं आहे. त्यात हेप्टनस्टॉलच्या विणकरांना चार ओळी द्याव्यात, आणि जमल्यास त्या खिडक्यांचं एक छायाचित्र छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी