लोट्याच्या काकांना, सगळ्यांसमोर

काका, सा. न.

काल टीवायचा निकाल लागला, केमिस्ट्रीत चांगले मार्क पडले. घरी पेढे वाटून झाले तरी मला सारखं तुमचंच आठवतंय, म्हणून हे इथे उघड लिहितेय, तुम्हाला असलं काही आवडत नाही हे माहीत असूनसुद्धा.

क्लोरीनचं वजन ३५.५ कसं काय, अर्धा प्रोटॉन असतो का, असं मी अकरावीला क्लासात विचारलेलं. सर हसले, मग अख्खी बॅच हसली. "पाठ कर, तेवढंच येतं परीक्षेला." फी घेताना मात्र फार गंभीर चेहरा असायचा हो त्यांचा! पुढे कॉलेजात मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे मशीनने अणू-रेणूंची वजनं मोजायची पद्धत, आली तेव्हा गाइडमधली आकृती फळ्यावर उतरवली गेली, मार्किंग सांगितलं गेलं, संपला टॉपिक. मशीन तर आम्ही कोणी डोळ्यांनी बघितलेलं नाही.

आणि तुम्ही, लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसीत, मालाची क्वालिटी तपासण्यात, आयुष्य काढलेला माणूस, गुहागरला पडवीत सुपारी कातरता कातरता सांगायला लागलात. हे मशीन अणू नाही, आयन, म्हणजे चार्ज असलेला अणू, पकडतं, कारण चार्ज नसेल तर त्याला ढकलणार कशाने आणि वळवणार कशाने. म्हणून आधी वाफ करायची, मग तिच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा, त्यात अणूतलाच एखादा इलेक्ट्रॉन उडतो आणि पॉझिटिव्ह आयन उरतो, आणि इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा १८३६ पट हलका, तेव्हा तो गेला म्हणून वजनात फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल. आत व्हॅक्यूम, नाहीतर आयन हवेवरच आपटत बसायचे. मग वेग द्यायचा आणि चुंबकातून न्यायचं. कुंभार्ली घाटाच्या वळणावर सुटी बाइक टक्कन वळते आणि लोड भरलेला ट्रक बाहेरच्या अंगाला जातो, तसं क्लोरीनच्या दोन तऱ्हेच्या अणूंपैकी ३५ वजनाचा जास्त वळतो, ३७ वाला कमी, आणि प्रत्येक वजनाची वेगळी रेघ उमटते. प्रोटॉन दोघांचेही १७च, फरक दोन न्यूट्रॉनचा. चारातले साधारण तीन ३५ चे, एक ३७ चा, म्हणून सरासरी साडेपस्तीस. ३५.५ चा अणू जगात एकही नाही!! हे एवढं सांगायला कुणाचं काय जात होतं?

थॉमसन या शास्त्रज्ञाला १९१३ च्या सुमारास निऑन वायूच्या २० आणि २२ अशा दोन वजनांच्या रेघा दिसलेल्या, मग त्याच्या हाताखालच्या अ‍ॅस्टनने १९१९ मध्ये जास्त अचूक यंत्र केलं आणि १९२२ चं नोबेल घेतलं, हेही तुमच्याकडूनच कळलं.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. मी विचारलं, मग शुद्ध क्लोरीन घातला तर ३६ वर कधीच रेघ येणार नाही ना? तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात, खिशातलं पेन काढलंत आणि कंपनीच्या त्या जुन्या डायरीत माझा प्रश्न माझ्याच शब्दांत लिहून घेतलात, पुढे माझं नाव. "अगो, घाईत नाही सांगायचं हे, बघून सांगतो." माझा प्रश्न आजवर कुणी लिहून घेतला नव्हता काका. मी घरी जाऊन आईला तेच सांगत बसले, उत्तराचं नंतर.

दुसऱ्या दिवशी पावसातून छत्री घेऊन तुम्ही स्वतः आलात. क्लोरीनच्या रेणूत एक ३५ चा आणि एक ३७ चा, झाले ७२, त्याचे दोन इलेक्ट्रॉन उडाले तर तो ३६ वर दिसू शकतो, कारण मशीन नुसतं वजन बघत नाही, वजन भागिले चार्ज बघतं. एम बाय झेड म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो, पण समोरच्या पोरीला येडी न समजता ऐकून घेणारी फार थोडी, आणि ती बहुतेक वेळा बिनफीची असतात.

आता पुढचं. आर्गॉन ३९.९५ आणि त्याच्या पुढचा पोटॅशियम ३९.१०, प्रोटॉन एक जास्त असून हलका कसा? माझा अंदाज आहे, पण आधी तुमचं ऐकायचंय. रविवारी येते, डायरी काढून ठेवा.

तुमची,
खालच्या वाडीतली