मस्कीच्या मागे लागण्याआधी कटर घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मिनेसोटात राहतो, तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचतो. मागे रविवारच्या पुरवणीत इकडच्या एका मराठी माणसाचा फोटो आला होता, हातात भली मोठी मस्की (इथला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा), कल्ल्यात बोटं घालून उभी लटकवलेली. त्याचा आनंद अगदी खरा होता, पण तो फोटो काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. कारण आपली बरीच मंडळी आता वॉलाय हा छोटा मासा सोडून मस्कीकडे वळतायत, दर उन्हाळ्यात दोघं-तिघं तरी विचारतात की काका, ट्रोलिंग सुरू करायचंय, कुठला लुअर (खोटं आमिष) घेऊ? (ट्रोलिंग म्हणजे बोट चालती ठेवून मागे आमिष ओढत न्यायचं, नेटवरचं ते नाही.)

माझं म्हणणं, लुअर नंतर. आधी मोठं जाळं आणि गळ कापायचा कटर.

माझी पहिली मस्की जुलैमधली, ४६ इंचाची. जाळं वॉलायचं, छोटं, त्यात तिने दोन गिरक्या घेतल्या आणि तिकाटी गळ अर्धे जबड्यात, अर्धे जाळीत अडकले. हातात साधी पक्कड, ती गळापर्यंत पोचेना. दहा-बारा मिनिटं खटपट केली तोवर कल्ल्यांची उघडझाप मंदावत गेली. पाण्यात सोडली तर पोट वर करून उलटली, शेपटीला धरून सरळ ठेवत अंधार पडेपर्यंत बसलो पण ती पोहून गेलीच नाही. आणि इथे बहुतेक तळ्यांत ५४ इंचाच्या खालची मस्की ठेवताच येत नाही, म्हणजे मेलेला मासा तसाच पाण्यात सोडून परत आलो. ५० इंच व्हायला मस्कीला बऱ्याचदा पंधरा वर्षं किंवा जास्त लागतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी पाणीही ८१ डिग्री फॅरेनहाईट होतं. ८० च्या आसपास गेलं की मस्कीच्या मागे जायचंच नाही, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, दमलेला मासा सावरत नाही.

तर रबराचा लेप दिलेलं खोल जाळं, लांब तोंडाची पक्कड आणि जाड गळ कट्कन तुटेल असा कटर. मासा जाळ्यात पण पाण्यातच ठेवायचा, गळ निघत नसेल तर सरळ कापायचा, गळ काही रुपया-डॉलरचा असतो. फोटो काढायचाच तर आडवा, एक हात जबड्याखाली, दुसरा पोटाखाली, आणि तुम्ही श्वास रोखून धरू शकाल तेवढ्यात परत पाण्यात.

बाकी ट्रोलिंग नवख्याला सोयीचंच आहे. मस्कीला दहा हजार कास्टचा, म्हणजे दहा हजार वेळा गळ फेकल्यावर मिळणारा मासा म्हणतात, ट्रोलिंगमध्ये लुअर सतत पाण्यात राहतो आणि खूप पाणी पालथं घालता येतं. दणकट रॉड, ८० पौंडी ब्रेड (विणलेली लाईन), पुढे १०० ते १३० पौंडी फ्लुरोकार्बनचा किंवा तारेचा लीडर (लाईन आणि लुअरमधला मजबूत तुकडा), नाहीतर दात लाईन कापतात. रॉड होल्डर मात्र चांगला घट्ट घ्या. उन्हाळ्यात ताशी ३ ते ५ मैल, पाणी थंड झालं की कमी. मिनेसोटात उघड्या पाण्यात (बर्फ नसताना) माणशी एकच लाईन, मिशिगनमध्ये तीन चालतात, तेव्हा ज्या राज्यात जाल तिथले नियम आधी वाचा.

सगळ्यात जास्त लक्ष रॉडच्या टोकाकडे ठेवायचं. क्रँकबेट (ओढला की थरथरत पोहणारा लुअर) नीट चालत असला की टोक एका लयीत थरथरत राहतं, थरथर थांबली किंवा जड झाली की गळाला गवत लागलंय, ओढून साफ करा, मी सुरुवातीला अर्धा-अर्धा तास गवतच ओढत फिरलोय. वळण घेताना बाहेरच्या बाजूचा लुअर जोरात पळतो, आतला मंद होतो. मासा बाहेरच्यावर आला तर स्पीड थोडा वाढवून बघायचा, आतल्यावर आला तर कमी करून. आणि मासा लागला की घाबरून बोट एकदम थांबवायची नाही, लाईन सैल पडते आणि गळ सुटतो. ड्रॅगही (रीळचा ब्रेक) फार आवळून ठेवायचा नाही, बोटीच्या चालीनेच गळ बसतो, वर हिसका द्यायची गरज नसते.

एक विनंती आहे. पुरवणीत पुन्हा मस्कीचा फोटो छापायची वेळ आली तर आडवा धरलेला मासा निवडा. नवीन माणूस तो फोटो बघूनच मासा कसा धरायचा ते शिकतो.

आपला,
एक नियमित वाचक, मिनेसोटा