रोस्टरमध्ये न दिसणारा प्रवास

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम घरोघरी चर्चेत आले. साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्र म्हणजे मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतचा काळ, रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग, हे तपशील आता सर्वसामान्य वाचकालाही ठाऊक झाले आहेत. मात्र वैमानिक राहतो कुठे आणि ड्युटीवर हजर होण्यासाठी तो कुठून येतो, हा प्रश्न या चर्चेत कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. मी मूळचा पुण्याचा असून अमेरिकेत मालवाहू विमाने चालवतो. आमच्या व्यवसायात हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाठीशी असतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

अमेरिकेत वैमानिकाने बेसच्याच, म्हणजे ज्या विमानतळावर त्याला ड्युटीसाठी हजर व्हायचे असते त्याच, गावी राहिले पाहिजे असा दंडक नाही. बेस मेम्फिस किंवा लुईव्हिलला आणि बिऱ्हाड दोन-तीन राज्ये ओलांडून पलीकडे, असे कितीतरी जण आहेत. बेस कोणता मिळेल हे सेवाज्येष्ठता ठरवते. विमानाचा प्रकार बदलला की बेस बदलू शकतो, आणि पती किंवा पत्नीची नोकरी, मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील हे सगळे दर वेळी उचलून नेता येत नाही. मग वैमानिक कॉकपिटमधील जंपसीटवर बसून, म्हणजे दुसऱ्या वैमानिकांच्या पाठीमागच्या घडीच्या खुर्चीवर कॅप्टनच्या परवानगीने, बेस गाठतो. ही सोय फुकट असते, पण जागा मिळण्याची हमी नसते, आणि ताठ पाठीच्या त्या खुर्चीत लागलेली डुलकी म्हणजे झोप नव्हे. बेसच्या गावी अनेक जण मिळून एक घर भाड्याने घेतात. त्याला क्रॅश पॅड म्हणतात. दुमजली खाटा, खाटेला पडदा, आणि स्वस्तातला हिस्सा घेतला असेल तर ठरलेली खाटही नाही. रिकामी दिसेल तीवर आपली चादर अंथरायची.

प्रवासी विमानाच्या वैमानिकांनाही हे चुकलेले नाही, परंतु आमचे काम रात्रीचे. मोठ्या कुरिअर कंपन्यांच्या मुख्य केंद्रावर रात्री अकराच्या सुमारास विमाने उतरू लागतात, पार्सले उतरवून त्यांची वर्गवारी होते आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास विमाने पुन्हा निघतात. मधल्या दोन-तीन तासांत अंधाऱ्या, थंड खोलीत जो झोपू शकतो तो सुखी. ज्याचे घर विमानतळापासून अर्ध्या तासावर आहे, तो संध्याकाळी स्वतःच्या बिछान्यात झोप काढून येतो. दिवसभर विमान पकडण्याच्या खटपटीत असलेला त्याचा सहकारी कागदोपत्री तितकाच ताजातवाना असतो, कारण त्याची ड्युटी हजेरीच्या क्षणापासून मोजली जाते.

म्हणून सरसकट सगळ्यांनीच बेसजवळ राहावे, असे मात्र मी म्हणणार नाही. आठवडा-दोन आठवड्यांच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्याला घर ते बेस हा प्रवास फेरीमागे जाऊन-येऊन एकदाच करावा लागतो. त्याने आदल्या दिवशी येऊन हॉटेलात झोप घेतली तर घर कुठेही असले तरी बिघडत नाही. याउलट जो स्टँडबायवर आहे, ज्याला फोन आल्यावर ठरावीक वेळात हजर व्हायचे आहे, किंवा जो रात्रीमागून रात्री केंद्रावर ये-जा करतो, त्याने लांब राहणे ही माझ्या मते स्वतःची फसवणूक आहे. घरभाड्यात वाचवलेले पैसे तो झोपेतून फेडतो.

याची किंमत अमेरिकेने मोजलेली आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे प्रवासी विमान कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. त्या विमानाची सहवैमानिक आदल्या रात्री सिअॅटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून प्रवास करून नेवार्कच्या बेसवर आली होती आणि तिने थोडीफार विश्रांती कर्मचाऱ्यांच्या खोलीत घेतली होती. अपघाताला थकवा नेमका किती कारणीभूत होता, हे तपासात ठरवता आले नाही. त्यानंतर २०१४ पासून नवे विश्रांती-नियम लागू झाले, पण मालवाहू कंपन्यांना त्यांतून वगळण्यात आले. खर्च लाभापेक्षा जास्त, हा तेथील नियामकाचा हिशेब! ते नियम लागू होण्याआधीच, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, लुईव्हिलहून निघालेले यूपीएस या कुरिअर कंपनीचे मालवाहू विमान बर्मिंगहॅमला धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि दोन्ही वैमानिक मरण पावले. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात ते दोघे मालवाहू वैमानिकांना नव्या नियमांतून वगळल्याबद्दलच बोलताना ऐकू येतात. तपास अहवालाने सहवैमानिकेच्या थकव्याचा उल्लेख करताना, ड्युटीबाहेरच्या वेळेचे तिने नीट नियोजन केले नव्हते, असेही नोंदवले. नोंद खरी असेल, पण थकव्याचा विषय वैमानिकाच्या खासगी आयुष्यावर नेऊन सोडणे कंपन्यांना आणि नियामकालाही सोयीचे असते.

बफेलोच्या अपघातानंतर वैमानिकांच्या घर ते बेस अशा ये-जा करण्यावर नेमलेल्या अभ्यासगटाने २०११ मध्ये अहवाल दिला. बंदी घालण्याइतका पुरावा नाही, असे त्याने सांगितले. मात्र ड्युटी संपताना जागरण सुमारे १६ तासांपेक्षा जास्त होणार नाही आणि हजर होण्यापूर्वी किमान सहा तास झोप मिळेल, अशी आखणी वैमानिकाने करावी, असा सल्ला दिला. सल्ला उत्तम आहे, फक्त तो पाळला गेला की नाही हे विचारणारे कोणी नाही.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देण्यासारखे नाही. पुण्यात घर आणि मुंबईत ड्युटी असलेला माणूस पहाटे उतरल्यावर द्रुतगती मार्गाने स्वतः गाडी चालवत घाट चढतो, तेव्हा त्याच्या रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, विश्रांती सुरू झालेली असते. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, तेथून मालवाहतूक वाढेल आणि तिच्यातील बरीचशी रात्रीचीच असेल. तेथे नोकरी करणाऱ्या कितीजणांना पनवेल-उलव्यात घर घेणे परवडेल आणि कितीजण पुण्याहून, नाशिकहून येतील, याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने निदान तीन गोष्टी कराव्यात. रात्रीच्या पहिल्या ड्युटीपूर्वी बाहेरगावाहून येणाऱ्या वैमानिकाला कंपनीने बेसवर झोपण्यासाठी खोली द्यावी. ड्युटीआधीच्या प्रवासाची नोंद रोस्टरमध्ये असावी. ती शिक्षेसाठी नव्हे, तर जागरणाचे तास मोजण्यासाठी वापरली जावी. आणि वेळेत पोहोचवणारी दोन विमाने हेरून ठेवूनही ज्याला एकातही जागा मिळाली नाही, त्याचा पगार कापू नये. अमेरिकेतील अनेक वेतन करारांत असे कलम आहे. ते नसेल तर वैमानिक कसाबसा, न झोपता पोहोचतो आणि हजेरीवर सही करतो.

आपला,
एक मालवाहू वैमानिक
लुईव्हिल, अमेरिका (मूळ पुणे)