मावशी, तुम्ही तुमचंच गिऱ्हाईक तोडलंत

मावशी, नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही मला कडधान्याला मोड आणायला शिकवलंत तेही चारचौघांतच. ठाण्याच्या मंडईच्या तोंडाशी, माझ्यामागे चार बायका खोळंबलेल्या, आणि तुम्ही सुट्टे मांडीवर टाकून ओल्या फडक्याची गाठ किती सैल ठेवायची ते दाखवत होतात. एक बाई वैतागून म्हणाल्याही, "इथे क्लास चालू आहे का?" तुम्ही म्हणालात, "हो, तुम्ही पण बघून घ्या." नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा तुम्हाला बरोबर कळेल.

आधी माझी हकिगत सांगतो, तुम्हाला ती अर्धीच ठाऊक आहे. बायकोची बदली नाशिकला झाली आणि घरात मी आणि नववीतली लेक उरलो. पोळ्यांना बाई होत्या, भाजी माझ्याकडे. मला भाजी धड निवडता येत नव्हती, चिरायला घेतली की तासभर जायचा. त्यापेक्षा तुमच्या टोपलीतली मोडाची मटकी बरी. धुतली की फोडणीला. मंगळवारी मटकी, शुक्रवारी मूग. तुम्ही वर मूठभर जास्त टाकायचात आणि मी ती हक्काची असल्यासारखी घेऊन जायचो.

मग तो जुलैचा आठवडा. रुळांवर पाणी, तुम्ही येता त्या वांगणीकडच्या गाड्या बंद, तुमची जागा तीन दिवस रिकामी. एका दुकानातून प्लॅस्टिकच्या डबीतली मटकी आणली, तिला आंबूस वास. म्हटलं, यात अवघड ते काय, आपणच करू. मटकी भिजवली, पाणी ओतलं, स्टीलच्या डब्यात भरली, झाकण गच्च लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला तर लेक हॉलमधून ओरडली, "बाबा, घरात काही मेलंय का?"

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. तीनच प्रश्न विचारलेत. पाणी पूर्ण निथळलं होतं का? झाकण घट्ट होतं का? मधेमधे उघडून बोटं घातलीत का? तिन्ही ठिकाणी मी नापास. तुम्ही म्हणालात, "दाण्याला पण घाम येतो, दादा. कोंडलात तर आंबणारच."

तेव्हापासून घरचे मोड. सांगितलंत तसंच करतो, एवढाही फरक नाही. निवडायचं, तीन-चार पाण्यांनी धुवायचं, तिप्पट पाण्यात रात्री भिजत टाकायचं. मटकीची साल पातळ, तिला सहा-सात तास पुरे. जास्त भिजली की चिकट होते. मूग रात्रभर. सकाळी उपसून चाळणीत अर्धा तास तशीच निथळत ठेवायची; हा अर्धा तास मी पूर्वी खात होतो, आणि सगळी गडबड तिथेच होती. मग जुन्या सुती पंचाच्या तुकड्यात सैल पुरचुंडी, पुरचुंडी पुन्हा चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर ताट तिरकं. मे महिन्यात संध्याकाळी ऑफिसातून येईपर्यंत मोड डोकावलेले असतात. डिसेंबरात दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबावं लागतं. मग पुरचुंडी टॉवेलात गुंडाळून बंद मायक्रोवेव्हमध्ये उबेला ठेवतो. लेकीने एकदा दूध तापवायला तो उघडला आणि आत टॉवेलातलं बाळंतपण बघून मुकाट्याने गॅसवर दूध ठेवलं.

आणि गणंग. हा शब्द मी शाळेत मास्तरांच्या तोंडून स्वतःसाठीच ऐकला होता. तो मुळात मुगाचा आहे हे तुमच्याकडे कळलं. भिजलेले मूग ताटात पसरून ताट हलकेच हलवायचं, जे टणटण वाजत घरंगळतात ते गणंग. भिजत नाहीत, शिजत नाहीत, आणि खाणाऱ्याचा दात काढतात. माझी एक दाढ बसवलेली आहे, त्यामुळे ताट वाजवून बघणं मी कधीही चुकवत नाही.

शिकवता शिकवता मी तुम्हाला विचारलं होतं, "असं सगळ्यांना सांगत बसलात तर धंदा बुडेल की तुमचा." तुम्ही मटकीवर पाणी शिंपडत म्हणालात, "वालाला याल की. वाल सोलणं तुमच्याच्यानं व्हायचं नाही." त्यावर पुढे येतोच.

आता घरात काय चालतं ते ऐका. सुरुवातीला मी मोडाचं कडधान्य म्हणजे उसळ एवढंच धरून चाललो होतो. आठवड्यातून तीनदा उसळ झाल्यावर लेकीने ताट सरकवलं. मग लक्षात आलं, वेगळा पदार्थ करायचाच कशाला? जे रोज होतं त्यातच मूठ टाकायची. सकाळच्या पोह्यांत कांद्याबरोबर मूठभर मटकी परतली की पोहे दुपारपर्यंत टिकतात. म्हणजे तोवर भूक लागत नाही, असं म्हणायचंय. थालीपिठाच्या पिठात मोडाचे मूग जरा ठेचून. उरलेले मूग आलं-मिरची घालून मिक्सरमधून काढले की धिरडी. मसुराला मोड एका दिवसात येतात आणि कुकरही लागत नाही. साध्या आमटीत वरणाच्या डाळीऐवजी तेच. मेथ्यांना मोड आले की कडूपणा थोडा उतरतो. त्यांची खोबरं-गूळ घातलेली आंबटगोड उसळ मी फक्त माझ्यापुरती करतो, लेक त्या दिवशी दही-भात खाते. कुळीथ मात्र हट्टी. दोन दिवस बांधून ठेवल्याशिवाय मोड धड येत नाहीत, आणि शिजायला कुकरच लागतो. पण कोकम घातलेली कुळथाची उसळ पावसाळ्यात जी लागते, तिच्यासाठी दोन दिवस थांबायला हरकत नाही.

शेजारच्या वहिनी मूळच्या कारवारच्या. त्यांनी मुगागाठी शिकवली. मोड आलेले मूग कोमट पाण्यात हाताने चोळायचे, सालं वर तरंगतात, ती ओंजळीने काढून टाकायची. कांदा नाही, लसूण नाही, नारळाचं वाटप आणि गुळाचा खडा. गोव्यात सणावारी हे करतात. मी बुधवारी करतो.

मटकीच्या उसळीची तुमची खूणही जपून ठेवलीय. कढईवर ताट, ताटात पाणी, वाफेवर शिजू द्यायची. उसळीला पाणी लागलंच तर तेच तापलेलं पाणी आत ओतायचं, गार पाणी नाही. मीठ, गोडा मसाला, गूळ. आमसूल मात्र मटकी बोटाने दाबून मऊ झाल्याची खात्री पटल्यावरच, नाहीतर दाणा दाठरतो. हे मी एकदा विसरलो आणि अर्धा तास कढईशी भांडत बसलो होतो. आंबट पडलं की दाणा शिजायचा थांबतो, हे नंतर वाचलं. तुम्ही न वाचताच सांगितलं होतंत.

वाचण्यावरून आठवलं. लेकीच्या व्यायामशाळेतले सर म्हणाले, मोड कच्चेच खा, सकाळी वाटीभर, शिजवलं की सगळं जातं. लेक दोन दिवस तसं खाऊन बसली. तुम्हाला विचारलं तर तुम्ही तोंड वाकडं केलंत, "कच्चं बकऱ्या खातात. वाफ दाखवा." मी तेव्हा मनात म्हटलं, जुनी माणसं. मग शोधून बघितलं. 2011 सालच्या उन्हाळ्यात जर्मनीत मोडांतूनच मोठी साथ पसरली होती. सुमारे 4000 माणसं आजारी पडली, 50च्या वर दगावली. माग काढत गेले तेव्हा बोट मोड आलेल्या मेथ्यांकडे वळलं. बी इजिप्तहून आलेलं होतं. जंतू ई-कोलायचा एक वाईट प्रकार. कारण अगदी साधं आहे: जी ऊब आणि ओल मोडाला लागते, तीच जंतूलाही लागते. बीवरच जंतू असला तर आपण फडक्यात मोडांबरोबर त्यालाही वाढवतो, आणि नुसत्या धुण्याने तो जात नाही. तेव्हापासून आमच्याकडे कोशिंबिरीत जाणारे मूगसुद्धा आधी पाच-सात मिनिटं नीट वाफवून घेतो. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व नावापुरतं असतं, ते मोड आल्यावर वाढतं. वाफेत त्यातलं थोडं जातं हे खरं, पण वरून लिंबू पिळायला कोणाची ना आहे?

त्याच सरांचा दुसरा सिद्धान्त: मोड आले की प्रोटीन दुप्पट. हेही नाही. 100 ग्रॅम कोरड्या मुगात 24 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि लांब मोड काढलेल्या 100 ग्रॅम मुगात जेमतेम 3. दाण्यातलं काही पळून जात नाही, पाणी भरतं. म्हणून मी मोड लांब होऊच देत नाही, दाण्याएवढे झाले की फ्रिजमध्ये. मग फायदा काय? पोटाला फायदा. कडधान्याने गुबारा धरतो तो त्यातल्या काही साखरांमुळे. आपल्याला त्या पचत नाहीत, आतड्यातल्या जंतूंना पचतात. मोड फुटताना दाणा त्या साखरा स्वतःच वापरून टाकतो. शिवाय लोह अडवून धरणारं फायटिक आम्लही कमी होतं. मला हरभऱ्याच्या उसळीने रात्री झोप यायची नाही. मोड आणून केली तर येते. एवढा पुरावा मला पुरतो.

आता वाल.

मागच्या श्रावणात तुमची पैज जिंकायची म्हणून मी अर्धा किलो कडवे वाल आणले. तुमच्याकडे नाही आलो, मुद्दाम दुसरीकडून आणले. दिवसभर भिजवले, दोनदा पाणी बदललं, ते पाणी मोरीत ओतलं, दीड दिवस बांधून ठेवले. मोड छान आले. घरभर तो वास, लेकीने खिडक्या उघडल्या. मग कोमट पाण्याचं पातेलं मांडीशी घेऊन जमिनीवर बसलो. अंगठा आणि बोटात दाणा धरून चिमटायचा, डाळिंबी सालीतून सुटून बाहेर येते. सुटते कसली, उडते. पहिली दहा सोफ्याखाली. जोरात दाबली की दोन फाकी होतात, हळू दाबली की साल सुटतच नाही. एका दाण्याला एक चिमटा. मधे कुठलीही युक्ती नाही, यंत्र नाही, घाई नाही. पावणेदोन तासांनी माझ्यापुढे एक मोठा वाडगा बिरडं होतं, पाठ आखडली होती, बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडली होती, आणि नखांखाली वालाचा वास, जो दुसऱ्या दिवशी ऑफिसात फायलींना लागला.

उसळ झाली ती चांगली झाली. नारळ, गूळ, आमसूल, वरून कोथिंबीर. पण जेवताना मला सारखं आठवत होतं ते वेगळंच. त्याच्या आदल्या श्रावणात, सोमवारी, मी तुमच्याशी बिरड्याच्या वाट्यावरून घासाघीस केली होती. तुम्ही सांगितलेल्या भावातले दहा रुपये कमी करून घेतले होते आणि वर जाता जाता "एवढंसं तर आहे" असंही म्हणालो होतो. तुम्ही काही बोलला नाहीत, पुडी बांधून दिलीत. पहाटेच्या गाडीने येण्याआधी तुम्ही असे किती वाटे सोलून आणता? पंधरा? वीस? तुमची बोटं मी रोज बघत होतो आणि कधी बघितली नव्हती.

म्हणून आभारांच्या पत्रात ही माफीही घाला. ते दहा रुपये मी परत देऊ केले तर तुम्ही घेणार नाही, हे मला माहीत आहे. मागे शंभराचे सुट्टे उरले होते तेव्हा तुम्ही दोन लिंबं माझ्या पिशवीत टाकली होतीत.

बायको आता मार्चमध्ये परत येतेय. तिला फोनवर सांगितलं की शनिवारचं भिजत टाकणं माझ्याकडेच राहील. ती म्हणाली, "बघू किती दिवस." लेक दहावीत गेलीय, अभ्यासाच्या टेबलावर वाफवलेल्या मटकीवर कांदा-लिंबू आणि शेव घालून घेऊन बसते. शेव मटकीपेक्षा जास्त असते, मी बोलत नाही.

येत्या श्रावणात चारही सोमवारी बिरड्याचे दोन-दोन वाटे माझ्या नावाने बाजूला ठेवा, भाव तुम्ही सांगाल तो. आणि वर्षभरातले गणंग मी वाळवून एका बरणीत साठवलेत. तुम्ही म्हणाला होतात, भरडून कोंबड्यांना घालते. बरणी पाऊण भरलीय. मंगळवारी घेऊन येतो, बरणी परत द्या.

तुमचा,
मटकीवाला दादा